आनुवंशिक हृद्स्नायू विकार: औषधाचा नेम संकेतमार्गांवर धरावा की मूळ प्रथिनावर?

निशिगंध
आमच्या घरात हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी (एचसीएम) आहे. हृदयाच्या डाव्या जवनिकेची भिंत विनाकारण जाड होत जाते, तो आनुवंशिक विकार. भावाला निदान झालं, त्याच्या जनुकीय चाचणीत एमवायबीपीसी३ या जनुकात दोष सापडला आणि पुढे माझ्यातही तोच निघाला. माझा इको मात्र आजवर स्वच्छ आहे.

तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे आणि एक गोष्ट खटकते आहे. दोष आहे स्नायूच्या प्रथिनात, म्हणजे आकुंचन करणाऱ्या यंत्रणेतच. पण शोधनिबंधांत औषधाचं लक्ष्य म्हणून जी नावं येतात ती बहुतेक पेशीतल्या संकेतमार्गांची, म्हणजे पेशीत निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनांच्या साखळ्यांची: टीजीएफ-बीटा, कॅल्सीन्यूरिन, ईआरके, पी३८, एमटॉर. बीटा-मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातला पहिला दोष १९९० साली सापडला. त्यानंतर या मार्गांवर केवढं काम झालं! आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती मावाकॅम्टेनला, जे थेट मायोसिनवर काम करतं.

माझं मत असं होत चाललंय की हे संकेत म्हणजे आजाराचा परिणाम, कारण नव्हे. परिणामाला औषध देऊन काय साधणार? जाणकारांनी खोडून काढलं तर आनंदच होईल.

सदाफुली
महत्त्वाचा विषय. वाचतेय.

पाणकळा
निशिगंध, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण सुरुवातच एका विसरलेल्या गोष्टीपासून करू. या आजारात सर्वाधिक दिलं जाणारं औषध आजही बीटा-ब्लॉकर आहे, आणि ते शंभर टक्के संकेतमार्गावरचं औषध आहे.

ॲड्रेनलिन किंवा नॉरॲड्रेनलिन हृदयपेशीच्या पृष्ठभागावरच्या बीटा ग्राहीवर (निरोप टिपणाऱ्या प्रथिनावर) बसतं. ग्राही आतल्या जी-प्रथिनाला जागं करतो, त्यातून सायक्लिक एएमपी तयार होतं, ते प्रथिन काइनेज ए चालू करतं, आणि हे काइनेज मग कॅल्शियमच्या वाहिन्या, फॉस्फोलॅम्बन, ट्रोपोनिन-आय अशा अनेकांवर फॉस्फेट चिकटवतं. नाडी वाढते, आकुंचन जोरात होतं. आधीच जाड भिंतीच्या, रक्त बाहेर पडायला वाट अरुंद असलेल्या हृदयाला नेमकं हेच झेपत नाही. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रानोलॉल आणलं, त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ज्या ग्राहीवर ते बसतं त्या जातीच्या ग्राहींवरच्या कामाला २०१२ चं. एखाद्या संकेतमार्गाचा इतका तळापर्यंत उलगडा झाल्याची उदाहरणं थोडीच आहेत. तेव्हा 'संकेतमार्गांनी काही दिलं नाही' हे मला मान्य नाही.

कोरांटी
@पाणकळा, बीटा-ब्लॉकरचं सगळं खरं, पण निशिगंधचा प्रश्न तो नाही. बीटा-ब्लॉकरने दम लागणं कमी होतं, छातीत दुखणं कमी होतं. भिंत जाड होणं थांबत नाही, तंतुमयता (स्नायूत चट्ट्यासारखे तंतू साचणं) थांबत नाही. लक्षणं कमी करणारं औषध आणि आजाराची वाटचाल बदलणारं औषध यांत फरक करायलाच हवा. संकेतमार्गांचं आश्वासन दुसऱ्या प्रकारचं होतं आणि तिथे निराशा आहे.

कॅल्सीन्यूरिनचंच घ्या. १९९८ मध्ये दाखवलं गेलं की कॅल्सीन्यूरिन हे एन्झाइम एनएफएटी नावाच्या प्रथिनाला केंद्रकात पाठवतं आणि हृदयपेशी जाड होतात. कॅल्सीन्यूरिन रोखणारं सायक्लोस्पोरिन तर अवयव प्रत्यारोपणात वापरात होतंच. सगळ्यांना वाटलं, मिळालं औषध. पण २००० साली मायोसिनचा खराखुरा एचसीएम दोष असलेल्या उंदरांना सायक्लोस्पोरिन दिलं तेव्हा त्यांचा आजार कमी व्हायच्या ऐवजी बळावला. निरोगी प्राण्याचं हृदय कृत्रिमरीत्या जाड करून जे शिकलो, ते आनुवंशिक दोषाला जसंच्या तसं लागू पडलं नाही.

वाटसरू_७
जड होतंय हो मंडळी. एक साधा प्रश्न. आकुंचनाच्या प्रथिनात दोष असेल तर संकेत बिघडतातच का? दोन्हींचा संबंध काय?

पाणकळा
@वाटसरू_७, बैलजोडीतला एक बैल सतत फाजील जोर लावत राहिला तर जू, दोर आणि शेजारचा बैल या सगळ्यांवर ताण येतो. एचसीएमच्या दोषांमुळे मायोसिनची जास्त डोकी एकाच वेळी कामाला लागतात, जी एरवी विसावलेली असायला हवीत. त्यामुळे एटीपी, म्हणजे ऊर्जा, जास्त खर्च होते. आकुंचनाचे तंतू कॅल्शियमला जास्त चटकन प्रतिसाद देतात आणि सैल पडायला वेळ लावतात. पेशीला हे सगळं जाणवतं: ऊर्जा कमी पडतेय, कॅल्शियमचं वेळापत्रक बिघडलंय, ताण वाढलाय. ही जाणीव केंद्रकापर्यंत नेण्याचं काम संकेतमार्गांचं. केंद्रक त्यावर उत्तर देतं, आणि ते उत्तर म्हणजे वाढ, जाडी, तंतुमयता.

@कोरांटी, सायक्लोस्पोरिनचा मुद्दा मान्य. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. त्या उंदरांना आधी डिल्टियाझेम (कॅल्शियमच्या वाहिन्या रोखणारं औषध) देऊन मग सायक्लोस्पोरिन दिलं तर तो अपाय टळला. पुढे २००२ मध्ये लहान वयातच डिल्टियाझेम सुरू केल्यावर त्याच जातीच्या उंदरांत आजारच सौम्य राहिला. म्हणजे मार्ग चुकीचा नव्हता, हस्तक्षेपाची जागा चुकली होती.

निशिगंध
डिल्टियाझेमचं माणसांत पुढे काय झालं?

पाणकळा
२०१५ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोष आहे पण भिंत अजून जाड नाही असे ३८ जण, म्हणजे नेमके तुमच्यासारखे. औषध सुरक्षित ठरलं, काही मोजमापांत थोडा फरक दिसला, तोही एमवायबीपीसी३ वाल्यांत अधिक. पण आजार टळतो असं त्यातून सिद्ध झालं नाही. ३८ माणसांत ते होणारही नव्हतं.

अबोली_वैद्य
मी हृदयरोग विभागात काम करते. निशिगंधताई, तुमच्या मूळ प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत सरळ उत्तर तंतुमयतेत आहे, आणि ते अजून कुणी दिलेलं नाही.

एचसीएममध्ये हृदयात चट्टे पडतात. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम दिल्यावर ते दिसतात आणि घातक अनियमित ठोक्यांचा धोका ठरवताना आम्ही ते बघतो. हे चट्टे कोण बनवतं? हृदयपेशी नव्हे, त्यांच्या शेजारच्या फायब्रोब्लास्ट पेशी. आता विचार करा. फायब्रोब्लास्टमध्येही तेच दोषी जनुक आहे, पण ती पेशी हे प्रथिन मुळी वापरतच नाही. दोषी प्रथिन हृदयपेशीत, चट्टा बनतो शेजारणीकडून. एकीकडून दुसरीकडे जातो तो फक्त संकेत, आणि त्यात टीजीएफ-बीटाचा वाटा मोठा. तेव्हा संकेत परिणाम असेल, पण तो पुढच्या परिणामाचं कारणही आहे.

२०१० मध्ये उंदरांत हे दाखवलं गेलं. टीजीएफ-बीटाविरोधी प्रतिपिंड किंवा लोसार्टन (जे अँजिओटेन्सिनचा ग्राही अडवून टीजीएफ-बीटा कमी करतं) भिंत जाड होण्याआधी दिलं तर तंतुमयता टळली. जाड झाल्यावर दिलं तर काही उपयोग झाला नाही.

माणसांतही अगदी असंच घडलं. २०१५ चा इन्हेरिट अभ्यास: एचसीएम आधीच असलेले १३३ प्रौढ, वर्षभर लोसार्टन किंवा प्लासिबो (औषध नसलेली गोळी). हृदयाचं वस्तुमान कमी झालं नाही. २०२१ चा व्हॅनिश अभ्यास: ८ ते ४५ वयाचे, सार्कोमिअरचा (स्नायूतल्या आकुंचनाच्या यंत्रणेचा) दोष असलेले, आजार सुरुवातीच्या टप्प्यावरचे १७८ जण, दोन वर्षं वलसार्टन. इथे रचना आणि कार्याच्या मोजमापांचा एकत्रित गुण वलसार्टनच्या गटात सुधारला. दोन औषधं एकाच जातीची. फरक होता तो वेळेचा.

रानभूल
अबोलीताई, शेजारणीचा मुद्दा वाचून बराच वेळ विचार करत बसलो. इतकं वाचलं होतं, पण हे असं कुणी मांडलं नव्हतं.

वाटसरू_७
मग निशिगंध यांनी वलसार्टन आजपासूनच सुरू करायला काय हरकत आहे? रक्तदाबाची साधी गोळी आहे ना ती.

अबोली_वैद्य
हरकत आहे, आणि ठामपणे सांगते. व्हॅनिशच्या मुख्य गटात सौम्य का होईना, आजार दिसू लागलेले लोक होते. स्वच्छ इकोवाल्या वाहकांना तो निष्कर्ष चिकटवता येत नाही. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत, बाळाला अपाय होतो. पोटॅशियम आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. आणि ज्यांच्या हृदयात रक्ताची बाहेर पडण्याची वाट अडलेली आहे त्यांच्यात रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांनी अडथळा वाढू शकतो. निशिगंधताईंच्या भावाला अडथळा असेल तर हीच 'साधी गोळी' त्रास देईल. कृपया हा धागा वाचून कुणीही काहीही सुरू करू नका.

मारवा
मी दुसऱ्या आजाराच्या घरातला. आमच्याकडे लॅमिनचा दोष आहे, जनुक एलएमएनए. यात हृदय जाड होत नाही, पसरतं आणि अशक्त होतं. त्याआधीच ठोक्यांचं वहन बिघडतं.

लॅमिन हे केंद्रकाच्या आवरणाला आधार देणारं प्रथिन. २००७ मध्ये लॅमिनदोषाच्या उंदरांत ईआरके आणि जेएनके हे मार्ग हृदय पसरायच्या आधीच पेटलेले सापडले. ईआरकेचा मार्ग रोखला की उंदरांचं हृदय सावरलं. पी३८ रोखला, तसंच. २०१२ मध्ये एमटॉर रोखणाऱ्या रॅपामायसिनने आणि टेमसिरोलिमसने, तसंच. आम्ही घरचे हे सगळं श्वास रोखून वाचत होतो. मग पी३८ रोखणाऱ्या गोळीचा तिसऱ्या टप्प्यातला अभ्यास सुरू झाला, रियाल्म-डीसीएम. २०२२ मध्ये तो मध्येच थांबवला, कारण उपयोग दिसण्याची शक्यता उरली नाही. सहा मिनिटांत किती चालता येतं हे मुख्य मोजमाप होतं, त्यात प्लासिबोपेक्षा फरक नाही.

त्या दिवशी घरात कुणी फारसं बोललं नाही. माझं म्हणणं एवढंच की निशिगंध यांची शंका हवेतली नाही.

सदाफुली
मारवा, तुमच्या घरच्यांना खूप बळ मिळो. सध्या तब्येती कशा आहेत?

मारवा
आईला आयसीडी (घातक ठोके झटका देऊन थांबवणारं यंत्र) बसवला आहे, ती बरी आहे. विचारल्याबद्दल आभार.

पाणकळा
@मारवा, तो निकाल मलाही लागला. पण तो अभ्यास फसला म्हणजे लॅमिनमधला पी३८ निरर्थक, असा अर्थ मी काढणार नाही. उंदरांत औषध लवकर दिलं होतं, माणसांत हृदय पसरून लक्षणं आल्यावर. दुसरं, लॅमिनच्या आजारात सर्वांत मोठी भीती घातक अनियमित ठोक्यांची. चालण्याचं अंतर मोजून ती भीती कमी झाली का हे कळणार नाही. तिसरं, ईआरके, जेएनके, पी३८, एमटॉर हे चारही एकाच आजारात पेटत असतील तर त्यातला एकच विझवून बाकीचे गप्प बसतील हे गृहीतच धाडसी होतं.

कोरांटी
यातला तिसरा मुद्दा पहिल्या दोहोंपेक्षा वजनदार आहे. प्रत्येक फसलेल्या प्रयोगानंतर 'उशीर झाला' म्हणता येतं. ते खरंही असेल, पण मग आधी दिलेल्या औषधाचा प्रयोग करून दाखवायला हवा. व्हॅनिशने तो केला म्हणून मी त्याला मानते.

आणि सरसकट निराशा पसरवायची नाही म्हणून दुसरी बाजूही सांगते. नूनान सिंड्रोम हा जन्मजात विकार आणि त्याचे भाऊबंद. यात दोष पीटीपीएन११, आरएएफ१, आरआयटी१ अशा जनुकांत असतो, आणि ही प्रथिनं रास-मॅप काइनेज या संकेतमार्गाचीच पात्रं आहेत. म्हणजे मार्ग हाच मूळ दोष. काही बाळांत हृदय इतकं जाड होतं की पहिल्या वर्षातच जीव धोक्यात येतो. २०१९ मध्ये आरआयटी१ दोषाच्या दोन बाळांना ट्रामेटिनिब दिल्याचा अहवाल आला. हे मेलानोमा या कर्करोगाचं औषध, मार्गातल्या एमईके या एन्झाइमला रोखणारं. काही महिन्यांत दोघांचंही हृदय उतरलं. संख्या दोनच, पण एवढ्या जाड झालेल्या हृदयाने असं माघारी येणं आधी ऐकलं नव्हतं.

रानभूल
म्हणजे जिथे संकेतच आजारी तिथे संकेताचं औषध लागू पडतं, असं?

कोरांटी
बरोबर, पण त्यातही मेख आहे. पीटीपीएन११ मधल्याच वेगळ्या बदलांमुळे नूनानशी मिळताजुळता, अंगावर डाग असलेला प्रकार होतो. तिथे या जनुकाचं एन्झाइम जास्त काम करण्याऐवजी कमी करतं, आणि पेटतो तो एकेटी-एमटॉर मार्ग. उंदरांत त्या प्रकाराचं जाड झालेलं हृदय रॅपामायसिनने परतवलं, २०११ चा अभ्यास. जनुक एकच, बदल वेगळा, औषधही वेगळं लागणार. निव्वळ आजाराच्या नावावरून औषध ठरवायचे दिवस संपायला हवेत.

अबोली_वैद्य
+१. एक सावधगिरीची भर: हेच ट्रामेटिनिब कर्करोगाच्या काही रुग्णांत हृदयाची ताकद कमी करतं. आजारी हृदयाला वाढवणारा मार्ग निरोगी हृदयाला जगवणारा मार्गही असतो. पूर्ण बंद करणं हे ध्येय असूच शकत नाही.

शिशिर_पान
एआरव्हीसी या तिसऱ्या आनुवंशिक हृदयविकाराचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून लिहितो. यात हृदयपेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या डेस्मोसोममध्ये दोष असतो आणि स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू येतात. ग्रीसच्या नॅक्सॉस बेटावर याचा एक प्रकार सापडला: हातापायांचे तळवे जाड, केस लोकरीसारखे, आणि हृदयविकार. दोष निघाला प्लाकोग्लोबिनमध्ये. हे प्रथिन जोडणीतून सुटलं की केंद्रकात जाऊन डब्ल्यूएनटी मार्गाचं काम दाबतं, आणि पेशी चरबीकडे झुकतात असं २००६ मध्ये मांडलं गेलं. २०१४ मध्ये हाच नॅक्सॉसचा दोष घातलेल्या झेब्रा माशांवर हजारो रसायनं तपासली गेली, आणि जे उपयोगी सापडलं ते जीएसके-३-बीटा हे डब्ल्यूएनटी मार्गाला आवर घालणारं एन्झाइम रोखणारं निघालं. आता त्याच एन्झाइमला रोखणाऱ्या टायडग्लुसिबचा माणसांवर प्रयोग हाती घेतला आहे.

निशिगंध, इथे बघा: जोडणीचं प्रथिन हेच संकेताचंही प्रथिन आहे. रचना आणि संकेत अशी भिंत निसर्गाने घातलेलीच नाही.

वाटसरू_७
विषयांतर होतंय, पण माझ्या पुतण्याला एआरव्हीसी आहे आणि तो लांब पल्ल्याचं धावतो. धावू द्यावं का?

अबोली_वैद्य
विषयांतर मुळीच नाही. एआरव्हीसीत लांब पल्ल्याच्या, दमछाक करणाऱ्या व्यायामाने आजार वेगाने पुढे जातो हे चांगलं सिद्ध आहे. जोडणी आधीच कमकुवत, त्यावर रोज ताण. स्पर्धा थांबवायला सांगा आणि त्याच्या डॉक्टरांशी लगेच बोला. एचसीएममध्ये चित्र वेगळं आहे, तिथे मध्यम व्यायाम बहुतेकांना चालतो असं अलीकडच्या अभ्यासांतून दिसतं. दोन्ही आजारांचे नियम एकमेकांना लावू नका.

वाटसरू_७
आज रात्रीच भावाला फोन करतो. मनापासून म्हणतात, इथे हृदयापासून धन्यवाद म्हणतो.

चाफेकळी
माझ्या अहवालात एमवायबीपीसी३ मधलं २५ अक्षरांचं डिलीशन (तेवढा तुकडा गळणं) लिहिलंय. निशिगंधसारखाच धोका समजायचा का?

पाणकळा
नाही, हे वेगळं प्रकरण आहे. ते डिलीशन दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं, २००९ मध्ये त्यावर मोठा निबंध आला होता. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की काही जणांत त्या डिलीशनबरोबर त्याच जनुकातला दुसरा बदलही वारशाने येतो आणि धोक्याचा मोठा वाटा त्या दुसऱ्याचा आहे. अहवाल घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा, तो दुसरा बदल तपासलाय का ते विचारा.

धनुष्कोटी
उशिरा आलो, पण सगळं वाचलं. मला वाटतं पाच-दहा वर्षांत ही चर्चाच कालबाह्य होईल. २०२३ मध्ये मायोसिनचा तोच जुना दोष उंदरांत बेस एडिटिंगने (जनुकातलं एकच अक्षर बदलण्याच्या तंत्राने) दुरुस्त केला आणि आजार टळला. एमवायबीपीसी३ ची धड प्रत विषाणूमार्फत हृदयात पोहोचवण्याचे प्रयोग माणसांत सुरू आहेत. मूळच दुरुस्त झालं तर संकेतांच्या मागे कशाला लागायचं?

अबोली_वैद्य
धनुष्कोटी, मीही त्या दिवसाची वाट बघते. पण माझ्यासमोर येणारे बरेच रुग्ण चाळिशी-पन्नाशीत निदान झालेले असतात. त्यांच्या हृदयात चट्टे पडून गेलेले आहेत. जनुक दुरुस्त केल्याने जुना चट्टा विरघळत नाही. शिवाय एचसीएमच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत सार्कोमिअरचा दोष सापडतच नाही. त्यांच्यात दुरुस्त करायचं काय? मावाकॅम्टेनलाही मर्यादा आहेत. अडथळा असलेल्यांत ते उत्तम चालतं, पण हृदयाची ताकद खाली येऊ शकते म्हणून इको सतत करावा लागतो. अडथळा नसलेल्यांवरच्या ओडिसी अभ्यासात, २०२५ मध्ये, ते मुख्य कसोट्यांवर उतरलं नाही. या सगळ्यांसाठी संकेतमार्गांचं काम चालू राहिलंच पाहिजे.

कोरांटी
यावर माझं आणि अबोलीचं पूर्ण एकमत.

निशिगंध
सगळ्यांचे खूप आभार. संकेत परिणामही असतो आणि पुढचं कारणही, हे फायब्रोब्लास्टच्या मुद्द्याने पटलं. मारवा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

एक व्यावहारिक प्रश्न राहिला. माझा इको आता किती दिवसांनी करायचा? आणि मला बारा वर्षांची मुलगी आहे.

अबोली_वैद्य
प्रौढ वाहकाचा इको आणि ईसीजी दर ३ ते ५ वर्षांनी, मधेच चक्कर, धडधड, दम असं काही वाटलं तर लगेच. मुलीत हा दोष उतरण्याची शक्यता ५० टक्के. तुमच्या घरातला नेमका दोष माहीत आहे, त्यामुळे तिची चाचणी सरळ होईल: तेवढा एकच बदल बघायचा. नसेल तर तिला पुन्हा पुन्हा तपासण्या नकोत. असेल तर या वयात इको दर १ ते २ वर्षांनी, कारण वाढीच्या वयात भिंत झपाट्याने जाड होऊ शकते. चाचणीआधी समुपदेशकाशी बोला आणि मुलीलाही त्यात घ्या. बारा वर्षांच्या मुलीला बरंच कळतं.

निशिगंध
पुढच्या आठवड्यात दोघींची वेळ घेते. भावाला अडथळा आहे का तेही विचारून इथे लिहीन.